टाईप १ मधुमेह असलेली चौथीतली मुलगी आणि रायगडची सहल

वर्गशिक्षिका_४ब
वर्गात टाईप १ मधुमेहाची मुलगी आहे. वजन २६ किलो, दिवसातून चार वेळा पेनने इन्सुलिन, स्वतःचं बोट स्वतः टोचते. जानेवारीत रायगडची एक दिवसाची सहल आहे, पहाटे पाचला एसटी सुटणार. मुख्याध्यापक म्हणतात, आई बरोबर आली तरच न्या. आईला रजा मिळत नाही. मला ग्लुकोमीटर वापरता येतो. बाकी तयारी काय करू? आणि शुगर उतरली तर साखर नेमकी किती द्यायची?

पेन_आणि_पट्ट्या
आधी दिवसाचं वेळापत्रक हातात घ्या, सामानाची यादी नंतर. सहलीत गडबड होते ती गोडामुळे नाही, तर इन्सुलिन आणि जेवण यांच्यातल्या अंतरामुळे. बारा वाजले म्हणून टोचलं आणि पिठलं-भाकरी दीडला आली, तर शुगर उतरणारच. जेवणाआधीचं इन्सुलिन कोणतं आहे ते आईकडून लिहून घ्या. साधं रेग्युलर असेल तर ते जेवणाआधी अर्धा तास घेतात, लिस्प्रो किंवा अस्पार्ट (लवकर काम करणारी इन्सुलिनं) असेल तर दहा-पंधरा मिनिटं. गडावर 'आत्ता वाढतो'वर विसंबू नका. लिस्प्रो-अस्पार्टवाल्या मुलांना अशा दिवशी ताट समोर आल्यावर टोचलेलं बरं. रेग्युलर असेल तर त्या दिवसापुरतं काय करायचं ते डॉक्टरांनाच विचारा.
चढणीमुळे शुगर पुढे कित्येक तास उतरत राहते. म्हणून त्या दिवसाचा डोस डॉक्टर बहुधा कमी करून देतात. तो कागदावर आकड्यात हवा, 'थोडा कमी' असा नको.

सहलप्रमुख
१५-१५ चा नियम लक्षात ठेवा. शुगर ७० च्या खाली गेली की १५ ग्रॅम साखर द्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. खिशात चॉकलेट असू द्या, मुलं आनंदाने खातात.

पेन_आणि_पट्ट्या
@सहलप्रमुख, १५ मिनिटं बरोबर, १५ ग्रॅम मोठ्यांसाठी. मुलांना किलोमागे साधारण ०.३ ग्रॅम पुरतं. २६ किलोला झाले आठ ग्रॅम, म्हणजे सपाट भरलेले दोन छोटे चमचे साखर अर्ध्या कप पाण्यात किंवा चार-चार ग्रॅमच्या दोन ग्लुकोज गोळ्या. दुप्पट दिली की आकडा नको तेवढा वर, मग उगाच जास्तीचं इन्सुलिन, आणि संध्याकाळी बसमध्ये शुगर उतरून पुन्हा घाम. चॉकलेटमधल्या चरबीने साखर सावकाश चढते, त्यामुळे ते या कामाचं नाही.
पंधरा मिनिटांनी अजून ७० च्या खालीच असेल तर पुन्हा तेवढीच. वर आली आणि जेवणाला वेळ असेल तर दोन बिस्किटं किंवा अर्धी पोळी. शुद्ध हरपली किंवा झटके आले तर तोंडात काहीही घालायचं नाही, मधसुद्धा नाही. कुशीवर वळवा, १०८ लावा. ग्लुकागॉनचं (शुगर चढवणाऱ्या इंजेक्शनचं) किट दिलेलं असेल तर तिच्या वजनाला १ मिलिग्रॅम, पण ते टोचायचं कसं हे एका शिक्षकाने आधी शिकून घेतलेलं हवं.

वर्गशिक्षिका_४ब
चढायचं की रोपवेने? आणि सहल संक्रांतीच्याच आठवड्यात आहे, तिळगुळाचं काय?

गडवाट
बाकीची मुलं चढणार असतील तर तिनेही चढावं. निघण्यापूर्वी तपासा. ९० च्या खाली असेल तर आधी काही खाऊन, पंधरा मिनिटं थांबून मग पायऱ्या. २५० च्या वर असेल आणि मळमळ किंवा पोटदुखी असेल तर कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की शरीरात साठणारे आम्लधर्मी पदार्थ) तपासल्याशिवाय चढवू नका. वाटेत अर्ध्या-पाऊण तासाने एक घोट-एक घास. ती एकाएकी गप्प झाली किंवा विनाकारण चिडली तर थकली असेल असं धरू नका, तिथेच बसवून तपासा.
तिळगुळ जेवणाबरोबर हिशोबात धरून खुशाल खाऊ द्या. सगळ्यांदेखत 'हिला गोड नका देऊ' म्हणणं तेवढं टाळा. पुढच्या वेळी शुगर उतरल्यावर ती सांगणार नाही, लपवेल.
एक जागा हमखास चुकते. संत्रं सोललेल्या किंवा चिक्की खाल्लेल्या बोटाने मीटर १८० दाखवतो आणि खरी शुगर ६० असते. हात पाण्याने धुऊन कोरडे करायचे. पाणी नसेल तर पहिला थेंब पुसून दुसऱ्यावर तपासायचं.

सहलप्रमुख
१५ ग्रॅमचं दुरुस्त करून घेतलं. सामानाबद्दल: पट्ट्या, सुया, साखर सगळं दुप्पट, दोन पिशव्यांत. एक तिच्या पाठीवर, एक तुमच्याकडे. एसटीच्या डिकीत काही नको. वापरातलं पेन ३० अंशांखाली ठीक राहतं, पण बोनेटजवळ ठेवलं तर गेलं, आणि बर्फाला चिकटून गोठलं तरी गेलंच. वापरलेल्या सुया जाड प्लॅस्टिकच्या झाकणाच्या बरणीत घालून परत आणा, हॉटेलच्या कचऱ्यात नाही.
मुख्याध्यापकांना तोंडी समजावू नका, एक पान द्या: आईची लेखी संमती, डॉक्टरांची डोसची चिठ्ठी, माहिती असलेल्या दोन शिक्षकांची नावं, वाटेतल्या रुग्णालयांचे नंबर. दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या यादीत सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया आहेत, टाईप १ मधुमेह नाही, तेव्हा कोणी प्रमाणपत्र मागितलं तर गोंधळू नका. सीबीएसई तर मधुमेही मुलांना परीक्षेच्या वर्गातही ग्लुकोमीटर आणि खाऊ नेऊ देते, हे त्या पानावर जरूर लिहा.

पेन_आणि_पट्ट्या
राहिलं एक. आईला कळवा, त्या रात्री झोपताना आणि दोन-तीनच्या सुमारास तपासायचं. दिवसभराच्या चढ-उताराचा परिणाम बऱ्याचदा तेव्हा दिसतो.