कांदा-चप्पल नको, घड्याळ पाहा

फिट आल्यावर कांदा किंवा चप्पल हुंगवा, दातांत चमचा घाला, असा सल्ला लोक देतात, म्हणून लिहितोय. बहुतेक झटके 1 ते 3 मिनिटांत आपोआप थांबतात. तेवढ्यात कोणीतरी कांदा फोडून आणतो आणि श्रेय कांद्याला जातं. दातांत चमचा घालणं तर थेट धोक्याचं: दात तुटून श्वासनलिकेत जाऊ शकतो. जीभ गिळली जाते हा गैरसमज आहे.

आधी वेळ पाहा. जवळचा विळा, दगड बाजूला सारा, डोक्याखाली रुमालाची घडी ठेवा, हातपाय दाबू नका. झटके थांबले की कुशीवर वळवा, म्हणजे लाळ बाहेर गळेल. 5 मिनिटांत थांबलं नाही, शुद्ध न येताच दुसरा झटका आला, बाई गरोदर असली किंवा आयुष्यातली पहिलीच फिट असली, तर लगेच 108.

खानदेशात मात्र प्रत्येक झटका फेफऱ्याचा समजू नका. कपाशीवर फवारणी करणारा कोसळला, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडाला फेस, अंगाला घाम, तर विषबाधा धरा. हातमोजे घालून त्याचे कपडे काढा, अंग साबणाने धुवा, औषधाची बाटली दवाखान्यात सोबत न्या. मे महिन्यात केळीच्या बागेत माणूस बरळायला लागला आणि अंग भट्टीसारखं तापलं, तर तो उष्माघात. गाडी येईपर्यंत थांबू नका; सावलीत न्या, अंगावर पाणी ओतत राहा, वारा घाला. शुद्ध हरपलेल्याला पाणी पाजू नका, ते फुफ्फुसात जातं.