डंपिंग ट्रॉली घ्यायलोय: पत्रा ४ एमएम का ५ एमएम? अन् गंजाचं काय करावं?

केजकर_शेतकरी
राम राम मंडळी. ४५ एचपीचा ट्रॅक्टर आहे. जुनी साधी ट्रॉली मोडीत काढून आता डंपिंग घ्यायलोय. उन्हाळ्यात तलावातला गाळ, मग शेणखत, मधनं मधनं मुरूम, एवढंच काम. जुनीच्या तळाला मागच्या फाळक्यापाशी भोकं पडलीत, बोट आरपार जातं. बाकी पत्रा धडधाकट! दोन जागी भाव काढला. एक जण तळाला ४ एमएम पत्रा देतो, दुसरा ५ एमएम, पण त्याची चासी हलकी दिसली. दोन चाकी बरी का चार चाकी? गावात जो तो म्हणतो जळकं ऑइल मार, काही होत नाही.

औसा_ऊसवाला
गाळाला दोन चाकीच घ्या. शेतात वळते, मागं घ्यायला सोपी, अन् थोडा भार हुकावर येतो म्हणून ट्रॅक्टरची मागची चाकं पकड धरतात. चार चाकी आम्ही कारखान्याला ऊस न्यायला वापरतो. ती मागं घेताना भल्याभल्यांना घाम फुटतो.

जालना_वेल्डिंग
पत्र्याच्या जाडीवर भांडू नका, ट्रॉलीखाली झोपून बघा. ११ बाय ६ फुटांच्या तळाला एक एमएम वाढला की ४८ किलो लोखंड वाढतं, भाव त्याचाच. पण खालचे आडवे चॅनेल लांब लांब टाकले असतील तर ५ एमएमसुद्धा दगड पडून खोलगट होतो. त्या खोलग्यात पाणी थांबतं, अन् गंज तिथंच धरतो.

तुमची जुनी मागच्या टोकालाच का सडली? तिथं पत्रा चॅनेलवर वेल्डिंगच्या तुटक टाक्या-टाक्यानं जोडलेला असणार. दोन टाक्यांमधल्या फटीत शेणखताचं पाणी शिरतं, वाळत नाही. नवीला तिथं सलग वेल्डिंग मागा. बॉक्स पाईपची चासी असेल तर टोकं पूर्ण बंद हवीत, नाहीतर तळाला पाणी निघायला छिद्र हवं. आतनं सडलेला पाईप बाहेरनं नव्यासारखा चकाकतो.

रंगाचं म्हणाल तर नव्या पत्र्यावर निळसर काळी पापडी असते. ती घासून काढल्याशिवाय प्रायमर मारला की वर्षा-दोन वर्षांत पापडीसकट रंग निघतो. नुसत्या रेड ऑक्साइडवर ट्रॉली देणारे बरेच आहेत. रेड ऑक्साइड म्हणजे बनियन, त्यावर इनॅमलचा सदरा लागतोच. तळाच्या आतल्या बाजूला मात्र पैसा घालू नका, मुरूम पहिल्याच हप्त्यात खरवडून काढतो. तो पैसा खालच्या बाजूला अन् सांध्यांना लावा.

जळकं ऑइल चासीखाली मारलं तर गंज थोडा थांबतो, खोटं नाही. पण त्यावर धूळ बसते, पुढं रंग धरत नाही, अन् टायरला लागलं तर रबर फुगतं. त्यापेक्षा शेणखत टाकलं की त्याच दिवशी पाण्यानं धुवा. रासायनिक खताच्या गोण्या नेल्या तरी धुवा, पोटॅशमधला क्लोराइड लोखंडाला लई वाईट. उभी करताना पुढची जोडदांडी उंच, मागचा फाळका उघडा. ट्रॉली उचलणारा जॅक खालीच ठेवा, उघडी नळी गंजली की सील गेलंच समजा.

गेवराई_गाळवाला
गाळ ओला असला तर तळाला चिकटून वरच राहतो, अन् जमीन तिरकी असली की ट्रॉली आडवी होते. सपाट जागा बघून उचला, वरच्या विजेच्या तारा बघा. डाला, म्हणजे ट्रॉलीचा उचलणारा भाग, वर असताना टेकू लावल्याबिगर खाली हात घालायचा नाही. ट्रॅक्टरचं हायड्रोलिक ऑइल जॅक खाली असतानाच मोजा. ट्रॉलीची आरटीओ नोंदणी वेगळी असते, तेवढी करून घ्या.

केजकर_शेतकरी
४ एमएमवाल्याला सांगितलं, रंग मारायच्या आधी बघायला येतो. म्हणला, आजवर असं कुणी आलं नाही. आडव्या चॅनेलमधी अंतर किती धरू?

जालना_वेल्डिंग
फूटभर मागा. सव्वा फुटाला तयार झाला तर घ्या. सोबत टेप न्या, नजरेवर राहू नका.