थायलंडमध्ये निवृत्त होऊन राहायचं तर महिन्याला खरंच किती लागतात?

उन्हाळवेडी:
मी ६२, नवरा ६६. चौतीस वर्षं इंग्लंडात काढली. नोव्हेंबर लागला की ह्यांचे गुडघे संपावर जातात, म्हणून पुढचे दिवस उबेत काढावेत असं चाललंय. थायलंड, बहुधा चियांग माई. दोनदा तीन-तीन आठवडे राहून आलोय. ह्यांचे मित्र म्हणतात, महिना हजार पौंडांत दोघं राजासारखे राहाल. मी आयुष्यभर हिशेब लिहिले. 'राजासारखे' कुठल्या रकान्यात टाकतात ते मला माहीत नाही. तिथे प्रत्यक्ष राहणाऱ्यांनी सांगा, सहलीला येऊन न दिसणारे खर्च कोणते? आणि घर विकत घ्यावं का?

डोंगराआडची:
ताई, हजार पौंडांत दोघांचं भागेल. राजा पायी चालेल एवढंच.

माझं सांगते. एकटी, वय ७२, इंग्लंडात नर्स होते. २०१६ च्या डिसेंबरात चियांग माईला आले. एका बेडरूमचा फ्लॅट, सहावा मजला, भाडं १३,००० बाट. खाणंपिणं, फोन, इंटरनेट, येणंजाणं धरून महिना ३५-३६ हजारांत बसतो. विमा वेगळा.

घर बघताना वीज कोणाच्या दरानं ते आधी विचारा. सरकारी बिल थेट आपल्याला येत असेल तर युनिटला चारेक बाट पडतात. पुष्कळ इमारतींत मात्र मालक आपलं मीटर लावून तीच वीज सात-आठ बाटांनी विकतो. पहिल्या घरात मला हे एप्रिलमध्ये कळलं. डिसेंबरात बिल साडेपाचशे आलं होतं, एप्रिलचं ३,८००. एवढासा चिठोरा; त्यावर मागचं रीडिंग, आत्ताचं रीडिंग आणि पुढे नुसता ८. तणतणत खाली गेले. काउंटरवरच्या मुलीनं हसतमुखानं करारातली ओळ दाखवली. ओळ थाईत होती, सही माझी होती.

दुसरं, धूर. फेब्रुवारीच्या शेवटापासून एप्रिलपर्यंत आजूबाजूची शेतं आणि रानं जळतात. एरवी माझ्या खिडकीत डोई सुथेपचा डोंगर असतो. मार्चमध्ये तो कित्येक दिवस नसतोच. हवा शुद्ध करायचं यंत्र घ्यावं लागतं. त्याचा फिल्टर महिन्याभरात उंदराच्या पाठीसारखा होतो. जमेल ते लोक तेव्हा दक्षिणेला समुद्रावर जातात, म्हणजे चार-पाच आठवडे दोन घरांचं भाडं. तुम्ही राहून आलात ते कोणत्या महिन्यात?

आणि पेन्शन. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, निदान कान पिळून तरी नाही. थायलंडला स्थायिक झालात की ब्रिटिश स्टेट पेन्शन आहे तिथे गोठते. २०१६-१७ मध्ये पूर्ण नवी पेन्शन आठवड्याला १५५.६५ पौंड होती. मला आजही तेवढीच मिळते. इंग्लंडातच राहिलेल्या माझ्या मैत्रिणीला २०२५-२६ मध्ये २३०.२५. महिन्याचा फरक काढलात तर माझं घरभाडं निघतं. गंमत म्हणजे फिलिपिन्समध्ये राहणाऱ्यांना दरवर्षी वाढ मिळते, कारण तिथे तसा करार आहे. बाजारात काय महाग झालं ते मी फारसं बघत नाही. माझी आवक तिथेच थांबली आणि वय पुढे गेलं, माझी महागाई ती.

वजाबाकी:
व्हिसाचं बोलतो. पन्नाशी उलटलेली हवी, ती आहे. निवृत्तीच्या मुक्कामाला दरवर्षी मुदतवाढ घ्यायची, फी १,९०० बाट. ती किरकोळ, खरी मेख आठ लाख बाटांची. अर्जाआधी दोन महिने आणि नंतर तीन महिने ते थाई बँकेत हवेत, उरलेलं वर्ष चार लाखांखाली जायचं नाही. म्हणजे पैसे तुमचे, पण हात लावायचा नाही. हे 'खर्च' म्हणून कोणी धरत नाही, मी धरतो. दुसरा मार्ग महिना ६५,००० बाट उत्पन्नाचा. पूर्वी ब्रिटिश दूतावास उत्पन्नाचं पत्र द्यायचा, २०१९ पासून देत नाही. आता दर महिन्याला बाहेरून पैसे आल्याचं बँकेकडून दाखवावं लागतं. लग्नाचा दाखला रीतसर प्रमाणित करून आणलात तर एकाच्या निवृत्तीवर दुसऱ्याला अवलंबित म्हणून राहता येतं. दोनदा आठ लाख अडकवायला नकोत.

कर: वर्षात १८० दिवस राहिलात की तिथले कर-रहिवासी. १ जानेवारी २०२४ पासून बाहेरचं उत्पन्न थायलंडात आणलं की ते करपात्र. त्याआधीची बचत त्यातून सुटते, म्हणून ३१ डिसेंबर २०२३ ची बँकेची विवरणपत्रं जपून ठेवा. ६५ पुढच्यांना १,९०,००० ची सूट आहे आणि करपात्र रकमेच्या पहिल्या दीड लाखावर शून्य दर, त्यामुळे साध्या पेन्शनवाल्याला फार लागत नाही.

घर: जमीन तुमच्या नावावर होत नाही. फ्लॅट होतो, पण एका इमारतीतल्या एकूण क्षेत्रफळाच्या ४९ टक्क्यांपर्यंतच परदेशी मालकी चालते.

परतपावली:
आम्ही सहा वर्षांनी परत आलो. पैशांमुळे नाही, बाथरूममुळे. बायको पाय घसरून पडली, मनगट मोडलं. खाजगी हॉस्पिटलात आधी अनामत मागितली, मग एक्स-रे. डॉक्टर उत्तम, खोली हॉटेलसारखी, बिल १,८५,००० बाट. विमा होता, विमेवाले म्हणाले, हाडं आधीपासूनच ठिसूळ होती. चार महिने पत्रव्यवहार करून अर्धे मिळाले. देश कायमचा सोडला की एनएचएसवरचा, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेवरचा, हक्कही राहत नाही हे तोपर्यंत विसरूनच गेलो होतो. विम्याचा हप्ता आजच्या वयाचा विचारू नका, पंचाहत्तरीचा विचारा.

उन्हाळवेडी:
आम्ही दोन्ही वेळा डिसेंबरात गेलो होतो.

ह्यांना हे सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. पेन्शनपाशी त्यांनी चष्मा काढला. डोंगराआडच्या ताई, तुमचा हप्ता किती वाढला, विचारलं तर चालेल?

डोंगराआडची:
चालेल की. ६४ व्या वर्षी वर्षाला ४८,००० बाट, यंदा १,३२,०००. त्यात गुडघे वगळलेले. तुमच्या ह्यांना हे हळूच सांगा.

फ्लॅटचं म्हणाल तर आधी एक पूर्ण उन्हाळा भाड्यानं काढा. मार्च-एप्रिल सोसला तर पुढचं बोलू.

आणि एक चूक माझ्याकडून फुकट घ्या. मुदतवाढ असली तरी देशाबाहेर पडायच्या आधी पुन्हा प्रवेशाचा परवाना काढावा लागतो, एका खेपेचा १,००० बाट, अनेक खेपांचा ३,८००. भाचीच्या लग्नाला घाईत निघाले आणि तो राहिला. परतले तेव्हा मुदतवाढ रद्द. सगळं पहिल्यापासून: फोटो, बँकेचं पत्र, पानापानावर निळ्या शाईची सही. हजार बाट वाचले होते.

उन्हाळवेडी:
मार्चची तिकिटं बघतेय.