अली की टायसन? एक किलो कुंद्याची पैज लागलीय, निकाल द्या

उद्यमबाग_सेकंड_शिफ्ट

मंडळी, टिंगल करू नका, कुंद्याचा (आपल्या बेळगावच्या दुधाच्या मिठाईचा) प्रश्न आहे म्हणून लिहूलोय.

मी उद्यमबागेत फौंड्रीत मोल्डिंगला असतो. काल रात्री मेटल तापायला उशीर झाला, मग साचे भरून ठेवून सगळे बाकड्यावर. आमचा कोअर शॉपचा दोस्त मोबाइलवर बॉक्सर माइक टायसनच्या फाइट बघत बसलेला. मायकेल स्पिंक्सबरोबरची, जून 1988 ची. 91 सेकंदांत खेळ खलास! चहाचा कप तोंडाला लावून खाली ठेवेपर्यंत स्पिंक्स आडवा. तर हा म्हणतो, "ह्याच्यासमोर तुझा मुहम्मद अली पाच राउंड टिकला तर मिशी उतरवतो." मी म्हटलं, मिशी तुला आहेच किती, कुंदा लाव. एक किलो, गणपत गल्लीतनं आणायचा, हरणाऱ्यानं.

माझं म्हणणं साधं आहे. अली सहा फूट तीन इंच, टायसन पाच फूट दहा. हातांचा पल्ला अलीचा 78 इंच, टायसनचा 71. वीतभराला थोडंच कमी की ओ! त्यात टायसन म्हणजे जो फ्रेझरचाच भाऊ, बुटका, वाकून आत घुसणारा. त्या फ्रेझरला फोरमननं 1973 ला किंग्स्टनमध्ये दोन राउंडांत सहा वेळा पाडला. आणि त्या फोरमनला अलीनं 30 ऑक्टोबर 1974 ला किन्शासात आठव्या राउंडला लोळवला. मग राहिलं काय? हिशोब बरोबर आहे की नाही सांगा.

खानापूरचा_माजी_फौजी

हिशोब साफ चुकलाय बाळा.

तू सांगितलेला फ्रेझर 8 मार्च 1971 ला न्यूयॉर्कात अलीशी पंधरा राउंड लढला आणि जिंकला. पंधराव्या राउंडला डाव्या हुकनं (हात वाकवून बाजूनं मारलेल्या ठोशानं) अलीला पाठीवर झोपवलं त्यानं. पुढे 1973 ला केन नॉर्टननं अलीचा जबडा मोडला आणि निकालही घेतला. त्याच नॉर्टनचं फोरमननं 1974 ला दोन राउंडांत काम तमाम केलं. म्हणजे फ्रेझर अलीला भारी, फोरमन फ्रेझरला भारी आणि अली फोरमनला भारी. सोसायटीच्या वजनकाट्यासारखं हे एका रांगेत लागत नाही. कोणाची ढब कोणाला नडते ते बघायचं असतं.

मला स्वतःला नडलेली आहे. रिक्रूट असताना नोव्हिस (नवशिक्यांच्या) बॉक्सिंगला उतरवलं होतं. कंपनीत मी सगळ्यांत उंच, त्यामुळे तोऱ्यात. समोर चंदगडकडचा एक पोरगा, माझ्या खांद्याला लागेल एवढा. मी लांबून जॅब (सरळ ठोसा) टाकतोय, तो डोकं हलवतोय, माझ्या मुठीला नुसता वारा लागतोय. दुसऱ्या राउंडला तो कधी आत आला कळलंच नाही. उजव्या बरगडीखाली एक बसला. आवाज नाही, लगेच दुखलंही नाही. मनात म्हटलं, एवढंच होय? आणि दोन सेकंदांनी गुडघे आपोआप जमिनीला. डोकं लख्ख जागेवर, सगळं ऐकू येतंय, रेफ्रीचे आकडे मोजतोय, पण उठ म्हटलं तर पाय ऐकेनात. तेव्हापासून बुटक्या हुकवाल्याला मी हसत नाही.

आता मुद्दा. कुठला अली ते आधी ठरवा. किन्शासातला अली 32 वर्षांचा होता, दोरांना टेकून मार खात फोरमनला दमवत होता. तसा टायसनसमोर टेकला तर बरगड्या शिल्लक राहायच्या नाहीत. 1967 ला सैन्यात जायला नकार दिला म्हणून त्याचा किताब गेला, साडेतीन वर्षं रिंगबाहेर राहिला, परत आला तो आधीचे पाय न घेताच. (मी आयुष्यभर वर्दीत, पण त्या माणसानं नकाराची किंमत मोजली हे मानतो.) म्हणून मी 14 नोव्हेंबर 1966 चा अली घेतो. ह्यूस्टन, समोर क्लीव्हलंड विल्यम्स, तिसऱ्या राउंडला विषय संपला. वय 24. आणि टायसन तू म्हणतोस तोच, जून 1988 चा. गंमत बघ, त्या ह्यूस्टनच्या रात्री टायसन साडेचार महिन्यांचा, पाळण्यात होता.

अलीची खोड एकच. हात खाली आणि ठोसा आला की मान सरळ मागे. 1963 ला लंडनमध्ये हेन्री कूपरनं ह्याच खोडीवर डावा हुक टाकून त्याला बसवला होता. घंटा झाली म्हणून निभावलं. टायसनचा डावा हुक कूपरपेक्षा कितीतरी वाईट. त्यामुळे पहिले चार राउंड मी जीव मुठीत धरून बघेन, एकदा अली खाली बसलेलाही बघेन.

पण टायसनसमोर बारा राउंड कोण टिकलं? बोनक्रशर स्मिथ, मार्च 1987. काय केलं त्यानं? मिठी मारली आणि सोडली नाही. फाइट भिकार, पण टिकला. अली मिठीतला उस्ताद. जानेवारी 1974 ला फ्रेझरबरोबरच्या दुसऱ्या लढतीत मानेमागे हात घालून डोकं खाली दाबत रात्र काढली. आणि टोकियोत 11 फेब्रुवारी 1990 ला बस्टर डग्लसनं दाखवलंच की, उंच माणसानं न घाबरता जॅब लावून धरला तर टायसन दहाव्या राउंडला मुखरक्षक शोधत रांगतो.

माझा निकाल: अली, अकराव्याच्या आसपास. रेफ्री मान दाबू देत नसेल तर निकाल मागे घेतो.

कोअरशॉपवाला

तो दोस्त मीच. काका, तुमच्याबद्दल आदर आहे, पण डग्लसच्या वेळचा टायसन तयारी न करता गेलेला. ते चालत नाही. आणि तुमच्याच हिशोबानं एक सांगूलोय: लॅरी होम्सनं ऑक्टोबर 1980 ला अलीला एवढं मारलं की अलीच्याच कोपऱ्यातल्या माणसांना लढत थांबवावी लागली. त्या होम्सला टायसननं जानेवारी 1988 ला चौथ्या राउंडला आडवा केला. आता बोला!

खानापूरचा_माजी_फौजी

बोलतो. 1980 ला अली 38 चा. 1988 ला होम्सही 38 चा. दोन म्हाताऱ्यांवर पैज लावून कुंदा खाणार तू?

येळ्ळूरचा_पैलवान

फौजी काका, कुठला अली ते ठरवलासा, पण कुठले नियम? आम्हाला मातीत निकाल लागेपर्यंत सोडायचे, मॅटवर सहा मिनिटांत गुण मोजून हात वर. तोच पैलवान इकडं राजा, तिकडं रिकाम्या हातानं घरी.

जॅक जॉन्सन 1915 ला हवानाच्या उन्हात विलर्डकडून हरला तो 26 व्या राउंडला, आणि ती लढत 45 राउंडांची ठरलेली होती. अलीच्या काळात किताबाची लढत 15 ची. 1982 ला मॅन्सिनीशी चौदाव्या राउंडपर्यंत लढून कोरियाचा किम डुक-कू दगावला, त्यानंतर 15 चे 12 करण्यात आले. टायसन बहुतेक ह्या 12 वाल्या जमान्यातला. मनिलात 1975 ला अली आणि फ्रेझर चौदा राउंड एकमेकांना खात होते, तेव्हा कुठं फ्रेझरच्या कोपऱ्यानं पुरे म्हटलं. ते शेवटचे तीन राउंड हीच अलीची कमाई. पंधरा ठेवा, मी अलीकडे. आठ ठेवा, टायसन. बाराला मी पैसे लावत नाही.

आमच्या वस्तादांना विचारलं. म्हणाले, दोघांना लंगोट घालून आनंदवाडीच्या कुस्ती आखाड्यात आणा, पट काढला (पाय धरून ओढला) की दोघंही उताणे.

निपाणीची_पीटी_टीचर

ही पैज जुनी आहे बरं का. 1967 ला अमेरिकेत रेडिओवर कॉम्प्युटरकडून अशाच लढती लावल्या होत्या. त्यात अलीला जुन्या काळच्या चॅम्पियन जेफ्रीजकडून हरवलं. अली एवढा भडकला की दहा लाख डॉलरचा दावाच ठोकला! त्या भांडणातून पुढे 1969 ला त्याला आणि रॉकी मार्सियानोला खरोखर रिंगमध्ये उतरवून खोटी लढत चित्रित केली. मार्सियानो 49 पैकी 49 जिंकून 1956 ला निवृत्त झालेला, वय 45, वजन उतरवून आणि डोक्यावर टोप चढवून आला. चित्रीकरणानंतर थोड्याच दिवसांत, 31 ऑगस्टला, तो विमान अपघातात गेला. लढत जानेवारी 1970 ला थिएटरात लागली आणि तेराव्या राउंडला मार्सियानो जिंकला. पण युरोपात दाखवलेल्या प्रतीत जिंकला अली! कॉम्प्युटर तोच, तिकीट काढणारे वेगळे.

मुलांना मी विचारते, 84 किलोचा मार्सियानो आज हेवीवेटमध्ये उतरला असता का? आजच्या वजनगटांत तो क्रूझरवेट, म्हणजे हेवीवेटच्या खालचा गट. सहा फूट नऊ इंची टायसन फ्युरीसमोर त्याला उभा करायचा म्हणजे स्टूल द्यावं लागेल. पण त्याच फ्युरीला 2024 ला दोनदा हरवणारा उसिकही क्रूझरवेटमधूनच वर आलेला. मग मुलं माझ्याकडे बघतात आणि मी शिट्टी वाजवते.

उद्यमबाग_सेकंड_शिफ्ट

सगळं आज शिफ्टच्या आधी मोठ्यानं वाचून दाखवलं. फौजी काकांचा निकाल ऐकून मी कुंद्याचं नाव काढलं, तर हा म्हणतो पंधरा राउंड आपल्याला मान्य नाहीत, बारा म्हणजे बारा, आणि येळ्ळूरचे पैलवान पण बाराला पैसे लावत नाहीत. म्हणून कुंदा तूर्तास मुकादमाकडे नावावर जमा. आता राउंड किती ह्यावर दुसरी पैज लागलीय, मांड्यांची (खायच्या गोड मांड्यांची). फौजी काका, तुमच्या त्या चंदगडच्या पोराचं पुढं काय झालं तेवढं सांगा, सगळी कोअर शॉप विचारूलीय.

खानापूरचा_माजी_फौजी

नाईक होऊन रिटायर झाला. माझ्या मुलीच्या लग्नात पंगतीला वाढायला होता. अजून भेटला की आधी बरगडीकडे बघतो माझ्या.