जुळे सोलापुरात मागच्या अंगणासाठी बिनधुराची शेकोटी कोणती घ्यावी?

परसदार_जुळे
नमस्कार मंडळी. आमचं बैठं घर, मागे साधारण वीस बाय पंधरा फुटांचं अंगण. थंडी पडली की सगळ्यांना तिथं शेकोटीभोवती बसायचं असतं. पण सासूबाईंना दमा आहे आणि शेजारच्यांच्या खिडक्या कंपाउंडला लागूनच आहेत. ऑनलाइन दुहेरी भिंतीचे स्टीलचे 'स्मोकलेस फायर पिट' दिसतात. सोलो स्टोव्ह, ब्रिओ हे अमेरिकन ब्रँड फार महाग पडतात. देशी घेतलं तर चालेल का? धूर खरंच येत नाही का? आणि मुख्य म्हणजे, त्यावर हुरडा भाजता येईल का?

फॅब्रिकेशनवाला_अक्कलकोट_रोड
ताई, आधी आतली रचना समजून घ्या, मग किंमत बघा. धूर म्हणजे न जळालेलं इंधन. या भांड्यात खालच्या भोकांतून हवा आत शिरते. त्यातली काही सरळ लाकडाला मिळते, उरलेली दोन भिंतींमधून तापत वर जाते आणि काठाखालच्या भोकांतून आत येते. ती गरम हवा मिळाली की वर निघालेला धूर तिथंच पेटतो. भोकांमधून ज्वाळांचे फवारे निघताना दिसले की समजायचं, काम सुरू झालं. त्याआधी, म्हणजे पत्रा तापेपर्यंतची पहिली दहा-पंधरा मिनिटं, धूर येणारच. कोणत्याही कंपनीचं घ्या, यात फरक नाही.

घेताना तीन गोष्टी बघा. आतल्या तळाला जाळी आणि राख काढायला तबक हवं, नाहीतर खालची भोकं बुजतात आणि सगळा खेळ संपतो. वरची भोकं आतल्या भिंतीला पूर्ण गोलाकार हवीत. काही स्वस्त मालात भोकं नुसती बाहेरून शोभेला असतात. आणि स्टील ३०४ ग्रेडचं घ्या. दुकानदार चुंबक लावून दाखवेल, 'चिकटत नाही, म्हणजे ३०४'. तसं नसतं, २०२ ग्रेडलाही चुंबक चिकटत नाही. बिलावर ग्रेड लिहून घ्या.

चांगला फॅब्रिकेटर माहितीतला असेल तर बनवूनही मिळेल. दोन नळकांडी एकात एक, मध्ये इंच-दीड इंच मोकळी जागा, वरून कडं बंद. फक्त गॅल्व्हनाइज्ड पत्रा नको. जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळतं, आणखी तापलं की त्याची वाफ निघते. ती श्वासातून गेली तर ताप भरतो.

कोरडवाहू_मंगळवेढा
भांडं कितीही भारी घ्या, जळण ओलं असेल तर धूर होणारच. वखारीतून बाभळीचं फोडलेलं लाकूड आणा, पण ताजं तोडलेलं नको. वाळलेल्या ओंडक्याच्या टोकाला चिरा पडलेल्या असतात आणि दोन तुकडे एकमेकांवर आपटले की टणटण वाजतात. ओलं लाकूड बद्द वाजतं. पेटवायला तुराट्यांसारखं दुसरं काही नाही, आपल्याकडं त्याला तोटा पण नाही. मनगटाएवढ्या ढलप्या करा आणि वरच्या भोकांच्या खालपर्यंतच भरा. भोकं झाकली की धूर सुटलाच.

प्लायवूड, रंग दिलेलं फर्निचर यातलं काही टाकू नका. कंपाउंडला कण्हेर असेल तर तिच्या फांद्या चुकूनही नकोत, तिचा धूरसुद्धा विषारी असतो.

आता हुरडा. यात भाजू नका हो! या भांड्यात ज्वाळा मोठ्या आणि आच वर. हुरड्याला गवऱ्यांचा शांत विस्तव लागतो. कणसं त्यात खुपसून फिरवत राहायची, दाणा आतून शिजला पाहिजे आणि हिरवाही राहिला पाहिजे. ज्वाळेवर धरलं की वरून करपतं, आत कच्चं राहतं. गवऱ्या या भांड्यात टाकल्या तर राख इतकी होते की खालची भोकं बंद. हुरड्यासाठी शेतात आगटीच करा. गूळभेंडीचा कोवळा हुरडा, शेंगाचटणी, गूळ, दही. ते सुख स्टीलच्या भांड्यात नाही मिळत.

परसदार_जुळे
आगटीचं पटलं. एक विचारायचं राहिलं: भाऊ म्हणतात घरी पडलेला जुना ड्रम आहे, त्यालाच भोकं पाडू. आणि अंगणात पेव्हर ब्लॉक आहेत, त्यावर थेट ठेवलं तर चालेल का?

होटगी_रोडकर
ड्रम कशाचा होता ते माहीत असल्याशिवाय नको. आपल्या शहरात चादर-टॉवेलच्या रंगाईचे, केमिकलचे ड्रम भंगारात सहज मिळतात. आतलं कोटिंग आणि उरलेलं रसायन जळताना काय निघेल, ते तुम्हाला ओळखता येणार नाही. जुन्या वॉशिंग मशीनचा स्टीलचा ड्रम त्यापेक्षा बरा. हवा भरपूर खेळते, धूर कमी होतो, पण भिंत एकेरी असल्यामुळे बिनधूर होत नाही. पेव्हरवर थेट ठेवू नका, उष्णतेनं काँक्रीट तडकतं. स्टँड घ्या किंवा वाळू पसरून विटांचा थर द्या. वर पत्र्याची शेड किंवा झाड नको.

आणि सासूबाईंबद्दल स्पष्टच लिहितो. डोळ्यांना धूर दिसला नाही तरी सूक्ष्म कण निघतातच आणि दम्याला तेच त्रास देतात. २०१९ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात सोलापूरचं नाव आहे, म्हणजे आपली हवा आधीच चांगली नाही. पेटवताना त्यांना घरात बसवा आणि त्या बाजूच्या खिडक्या लावा. नंतर बाहेर आल्या तर वारा ज्या बाजूनं येतो तिकडं, लांब खुर्ची टाका. त्यांच्या डॉक्टरांनाही विचारा. उरलेले निखारे ऊब म्हणून खोलीत नेऊन दार लावू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

परसदार_जुळे
खूप आभार सगळ्यांचे. ड्रम रद्द. अक्कलकोट रोडवाल्या दादांनी सांगितलं तसं ३०४ मध्येच बनवून घेते, तबकासकट. दादा, आमच्या घरी सात-आठ माणसं बसतात, आतला व्यास किती ठेवू?

फॅब्रिकेशनवाला_अक्कलकोट_रोड
आतून सोळा ते अठरा इंच पुरे. त्याहून मोठं केलं तर जळण फार लागतं आणि तुमच्या अंगणात बसायला जागा राहणार नाही. उंची चौदा इंचांच्या आसपास ठेवा आणि वरचं कडं सुटं करायला सांगा, साफ करायला सोपं जातं.