‘पूर्वीचे गुन्हे’ की ‘पूर्वदोषसिद्धी’?

धरमपेठकर: नागपुरात वकिलांसाठी कोर्टाच्या कागदांचं मराठी भाषांतर करते. आरोपी याआधी एका खटल्यात दोषी ठरला होता, त्यासाठी जुन्या मसुद्यात ‘पूर्वीचे गुन्हे’ होतं. मी ते खोडून ‘पूर्वदोषसिद्धी’ लिहिलं. वकीलसाहेब म्हणतात, पक्षकाराला हा शब्द कळायचा नाही. काय ठेवू?

इतवारीकर: ‘पूर्वीचे गुन्हे’ अजिबात नको, ताई. चार गुन्हे दाखल असलेला माणूस चारही खटल्यांतून निर्दोष सुटलेला असू शकतो. गुन्हा दाखल होतो पोलीस ठाण्यात, दोष सिद्ध होतो कोर्टात. तुरुंगाच्या भाषेतही ‘न्यायाधीन बंदी’, म्हणजे खटला अजून चालू असलेला कैदी, वेगळा आणि ‘सिद्धदोष बंदी’ वेगळा. जाता जाता, ‘सिद्धदोषी’ लिहू नका. ज्याचा दोष सिद्ध झाला तो सिद्धदोष. बहुव्रीहीतच माणूस आला, वर ‘ई’ कशाला?

मला खरा राग येतो तो ‘सराईत’चा. सराईत गवंडी म्हणजे हात बसलेला गवंडी, किती चांगला शब्द! पण पेपरात खटला उभा राहायच्या आत ‘सराईत चोरटा’ छापून येतं. मागं केलं म्हणजे आताही यानंच केलं, हे त्या एका शब्दात ठरून जातं. कायदा नेमकं तेच करू देत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम ५४, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ४९, सांगतं की आरोपीचं पूर्वीचं वाईट चारित्र्य एरवी गैरलागू. त्यानं स्वतःच्या चांगल्या चारित्र्याचा पुरावा दिला, तर उत्तरादाखल ते पुढं आणता येतं. जुन्या दोषसिद्धीमुळं वाढीव शिक्षा मागायची असली, तरी सत्र खटल्यात दोषारोपाचा तेवढा भाग आरोपीला आधी वाचून दाखवत नाहीत. या खटल्यात आरोपी दोषी ठरला, की मगच तो भाग वाचतात.

धरमपेठकर: मग ‘पूर्वीची शिक्षा’ चालेल? कोर्टाच्या व्हरांड्यात एक बाई वकिलांना विचारत होत्या, हातातली पिशवी घट्ट धरून: “माह्या पोराले मांगं सजा झाली होती, म्हून आताबी होईन काय जी?” त्यांना ‘सजा’ लगेच कळते.

इतवारीकर: कळते, पण पुरत नाही. दोषी ठरवूनही कोर्ट चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडू शकतं, त्यासाठी १९५८ चा परिवीक्षा (प्रोबेशन) कायदा आहे. तिथं दोषसिद्धी आहे, तुरुंगवास नाही.

धरमपेठकर: पटलं. पहिल्या उल्लेखाला ‘यापूर्वी न्यायालयात दोषी ठरल्याची नोंद (पूर्वदोषसिद्धी)’ लिहिते, पुढं नुसतं ‘पूर्वदोषसिद्धी’. आणि त्याच मसुद्यात दुसऱ्या पानावर ‘सराईत आरोपी’ आहे, तेही आत्ताच काढते.