मदत हवी आहे: फोन वाजतो, आमचा आवाज जातो, गिऱ्हाइकाचा येत नाही

फौंड्रीवाला_शिरोली (धागाकर्ता), सोमवार ११:०५
शिरोली एमआयडीसीत आमची छोटी फौंड्री आहे. ऑफिसातले तिन्ही फोन असलं करालेत: बाहेरून फोन येतो, वाजतो, उचलला की समोरच्याला आमचं ऐकू जातं, पण त्याचं एक अक्षर आम्हाला येत नाही. हॅलो हॅलो करून घसा बसला. लाईन २०० एमबीपीएसची आहे, त्यामुळं स्पीड चेक करा असं कुणी सांगू नका. चेन्नईच्या पार्टीचं डिस्पॅच अडकलंय. लौकर सांगा.

राजारामपुरीकर, ११:१२
स्पीड चेक करा.

पॅकेटमास्तर, ११:३०
फोन म्हणजे कसला? मोबाईल, तांब्याच्या तारेवरचा की इंटरनेटवरचा? कधीपासून? त्याआधी काय बदललं?

फौंड्रीवाला_शिरोली, ११:३४
टेबलावरचा फोन ओ. इंटरनेटवरचा. शनिवारपासून. काही बदललेलं नाही. व्हॉट्सॲप कॉल त्याच वायफायवर चकाचक चालतो, मग ह्यालाच काय धाड भरली?

माजी_एक्स्चेंजवाला, ११:५०
तांब्याची तार काढून टाकली की हेच होणार. आमच्या वेळी एक्स्चेंजमधून ४८ व्होल्ट यायचे. गल्लीतली लाईट गेली तरी फोन चालू. एक कॉल लागला की त्याची वाट राखीव, दुसऱ्यानं घुसायचं नाही. आता आवाजाचे तुकडे करून वाऱ्यावर सोडतात.

कोडेकप्रेमी_इचल, १२:०५
जी.७२९ लावा, आवाज दाबून लहान करायची पद्धत आहे ती, विषय संपला. ८ केबीपीएसमध्ये आवाज बसतो. आमच्या लूमच्या ऑफिसात पाच वर्षं तेच आहे.

पॅकेटमास्तर, १२:११
@कोडेकप्रेमी, २०० एमबीपीएसच्या लाईनीवर आवाज दाबायची गरजच काय? साध्या जी.७११ ला ६४ केबीपीएस लागतात. दर २० मिलिसेकंदांचा आवाज म्हणजे १६० बाइट, त्यावर ४० बाइटचं पत्त्याचं पाकीट, असे सेकंदाला ५० तुकडे. सगळं धरून ८० च्या आसपास. आणि कोडेक, म्हणजे आवाज भरायची ही पद्धत, दोन्हीकडं जुळलाच नसता तर कॉल सहसा जोडलाच गेला नसता.

माजी_एक्स्चेंजवाला, १२:२०
सेकंदाला आवाजाचे ८००० नमुने, प्रत्येकी ८ बिट. ६४ केबीपीएस आमच्या डिजिटल एक्स्चेंजमध्ये पण होतं. नवीन काय शोधलंय?

पॅकेटमास्तर, १२:२४
काका, नमुने तेच, राखीव वाट गेली एवढंच. धागाकर्ते, एक सांगा: कॉल आपोआप तुटतो का? किती वेळानं?

फौंड्रीवाला_शिरोली, १२:५८
तुटतो. तुम्हाला कसं कळलं? मला वाटलं समोरचा वैतागून ठेवतोय. आता घड्याळ लावून तीनदा बघितलं. तिन्ही वेळा ३२ सेकंद.

पॅकेटमास्तर, १:१०
सापडलं. तुम्ही फोन उचलला की तुमचा फोन पलीकडं निरोप पाठवतो, ‘उचललं’. पलीकडून ‘कळलं’ यायला पाहिजे. नाही आलं तर अर्ध्या सेकंदानं परत पाठवतो, मग एक, मग दोन, पुढं दर चार सेकंदांनी. अर्ध्या सेकंदाच्या ६४ पट झाले की हात टेकतो आणि कॉल ठेवतो. झाले ३२. इंटरनेटवरचे कॉल जोडायची जी पद्धत, एसआयपी, तिच्या २००२ च्या नियमातच हे आहे. म्हणजे ‘कळलं’ आणि गिऱ्हाइकाचा आवाज, दोन्ही तुमच्यापर्यंत येईनात. तुमच्याकडून जाणारं सगळं नीट जातंय. आता खरं सांगा, शनिवारी काय बदललं?

फौंड्रीवाला_शिरोली, १:१५
जुनी लाईन काढून फायबर घातलं, तेवढंच.

राजारामपुरीकर, १:१६
तेवढंच!!

पॅकेटमास्तर, १:३१
😀 रिंगचा निरोप एका वाटेनं येतो, आवाज वेगळ्या. आवाज कुठं पाठवायचा तो पत्ता तुमचा फोन निरोपाच्या आत लिहितो, आणि तो लिहितो १९२.१६८ वाला घरातला पत्ता. म्हणजे पत्रावर नुसतं ‘तालमीच्या मागं’ लिहिल्यासारखं. आपल्या पेठेत पोचेल, चेन्नईच्या पोस्टमननं कुठली तालीम शोधायची? बऱ्याच राउटरमध्ये एसआयपी एएलजी म्हणून एक आगाऊ सोय असते, ती हा पत्ता दुरुस्त करायला जाते आणि खाडाखोड करून ठेवते. ती बंद करा. फायबरवाल्याच्या डब्ब्यामागं जुना राउटर तसाच आहे का? मग पत्ता दोनदा बदलतोय.
व्हॉट्सॲपचं म्हणाल तर ते आतून बाहेर स्वतः वाट पाडतं, नाहीच जमलं तर मधल्या सर्व्हरवरून जातं.

कोडेकप्रेमी_इचल, १:४०
तरी जी.७२९ लावून बघायला काय हरकत आहे?

दुबईची_आई, २:०२
भाऊ, माझा मुलगा दुबईला आहे. व्हॉट्सॲपवर मेसेज येतात पण कॉल लागत नाही. वरचं सेटिंग मी घरी केलं तर चालेल का? तो म्हणतो आई तुझं नेट खराब आहे.

माजी_एक्स्चेंजवाला, २:१५
ट्रंक कॉल बुक करून तासभर बसायचो, पण लागला की माणसाचं बोलणं कळायचं.

फौंड्रीवाला_शिरोली, ५:४०
आला आवाज! जुना राउटर होताच मागं, सीसीटीव्ही त्यावर आहेत म्हणून ठेवला होता. नवा डब्बा ब्रिज मोडवर टाकला, म्हणजे तो आता पत्ता बदलत नाही, नुसती लाईन पुढं देतो, जुन्यात एएलजी चालू होतं ते बंद केलं. पासवर्ड लाईन घालणाऱ्या पोराकडं, आणि तो दोन तास फोन उचलंना. चेन्नईवाला पहिल्यांदा काय बोलला ते इथं लिहिण्यासारखं नाही.
पण आता मधूनच समोरचा रोबोसारखा बोलतोय. हे पण सांगा लगेच.

पॅकेटमास्तर, ५:५२
मधूनच म्हणजे कधी? त्यावेळी सीसीटीव्हीचं फुटेज बाहेर कुठं अपलोड होतंय का? तुकडे वेळेवर येईनात की असंच होतं. उशिरा आलेला तुकडा फोन टाकून देतो, परत मागवत नाही. आवाजाला आधी वाट द्यायचं सेटिंग राउटरमध्ये आहे का बघा. आणि राउटर कुठला?

राजारामपुरीकर, ५:५५
स्पीड चेक करा.

दुबईची_आई, ६:२०
माझ्या प्रश्नाचं काय?

पॅकेटमास्तर, ६:२८
मावशी, तुमचं नेट चांगलं आहे. तिथंच व्हॉट्सॲप कॉल अडवलेले असतात. त्याला म्हणावं तिथं परवानगी असलेलं कॉलिंगचं ॲप घे, तुम्ही पण तेच घ्या. @फौंड्रीवाला, राउटर?